बोरकुटे आणि लिमयेकाकूंचा रिकामा प्रिंटर

दिनेश बोरकुटे गेल्याचं मला जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. त्या ग्रुपवर एरवी सकाळची फुलं आणि कोणाच्या तरी मुलाचे बारावीचे गुण येतात, म्हणून मी तो दिवसातून एकदाच, भाजी शिजता शिजता उघडते. त्या दिवशी वर एक सुविचार होता, खाली एक सुविचार होता आणि मध्ये "आपला दिनेश गेला" एवढीच ओळ. मी गॅस बंद केला आणि वंदनाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन लावला. तिने उचलला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "हो ताई, खरं आहे." आजार जेमतेम पावसाळाभरचा. ते जाण्याच्या आदल्याच आठवड्यात मी त्यांना हॉस्पिटलात भेटून आले होते. बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी विचारलं होतं, "मंजिरी कशी हाय?" मी म्हटलं, मजेत आहे, मुलगा इंजिनिअरिंगला गेला. "अरे बापा," म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले...

मंजिरी माझी धाकटी बहीण. तिचं लग्न बोरकुट्यांमुळे मोडता मोडता वाचलं, असं आमच्या घरात म्हणतात. तिच्या सासरी म्हणतात, बोरकुट्यांच्या प्रोग्रॅममुळे ते मोडत आलं होतं. दोन्ही खरं आहे. ही गोष्ट मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे, पण तिचा शेवट मला गेल्या महिन्यात कळला, म्हणून हे लिहिणं.

बोरकुटे मूळचे विदर्भातल्या पुलगावचे. पेठेत गल्लोगल्ली जावा या कॉम्प्युटरच्या भाषेचे क्लास निघाले होते आणि कॉम्प्युटर येणाऱ्या मुलाला विमानाचं तिकीट हातात असल्यासारखं वागवलं जात होतं, त्या दिवसांत ते पुण्यात आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. आमची ओळख अशाच एका क्लासमधली. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "अहो, ती खुर्ची माझी आहे," तर म्हणाले, "बसा ना जी, मी कुठं घरी घेऊन चाललो." त्यानंतर आम्ही वीसहून अधिक वर्षं एकमेकांना अहोजाहोच करत राहिलो. त्यांची भाषा मला सुरुवातीला उद्धट वाटायची आणि माझी त्यांना. पुढे दोघांच्याही लक्षात आलं, की दोघंही तसे नाही आहोत, निदान ते तरी नाहीत.

क्लास संपल्यावर आम्हाला एकाच कंपनीत नोकरी लागली. कंपनी म्हणजे पेठेतला दोन खोल्यांचा फ्लॅट. मालक स्वतःला सीईओ म्हणवून घ्यायचे आणि संध्याकाळी दिवे स्वतःच घालवायचे. बोरकुटे प्रोग्रॅम लिहीत आणि मी ते तपासून त्यातल्या चुका काढत असे. चुका काढण्याचा पगार मिळतो, यावर माझ्या आईचा पुष्कळ दिवस विश्वास बसला नव्हता. घरी तू हे फुकटच करतेस, असं तिचं म्हणणं. कंपनीच्या पहिल्या गिऱ्हाइकांतल्या एक म्हणजे नारायण पेठेतल्या लिमयेकाकू. त्या स्वतःच्या हॉलमध्ये वधूवर सूचक केंद्र चालवत. भिंतभर फायली होत्या, पण पलीकडच्या गल्लीतल्या केंद्राने कॉम्प्युटर घेतला म्हटल्यावर काकूंनाही तो हवा झाला. बोरकुट्यांनी त्यांना प्रोग्रॅम लिहून दिला. प्रत्येक स्थळाची एक फाईल, तीत फोटो आणि माहिती. सकाळी प्रोग्रॅम सुरू केला की तो सगळ्या फायली बघून स्थळांची यादी तयार करी. एखादं लग्न जमलं की काकूंनी "लग्न जमले" हे बटण दाबायचं, मग ती फाईल पुसली जाई आणि पडद्यावर "स्थळ काढले. अभिनंदन!" असं येई. ते अभिनंदन काकूंच्या खास आग्रहावरून घातलं होतं.

मंजिरीचं स्थळ याच केंद्रात नोंदवलेलं होतं. ओळखीत काही सवलत मिळेल ही बाबांची आशा काकूंनी पहिल्याच दिवशी मोडून काढली, पण स्थळ मात्र चांगलं आणलं. मुलगा सुहास, घर जोगळेकरांचं. त्याचे वडील आप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के आणि जिभेला तिखट. बैठक झाली, सुपारी फुटली, बाबांनी त्याच संध्याकाळी काकूंना फोन करून नाव काढायला सांगितलं. काकूंनी फोनवरच "काढलं हो" म्हणून कळवलं. साखरपुड्याची तारीख ठरली. मंजिरीने साडी फॉल लावायला दिली. आणि एके दिवशी आप्पांचा फोन आला. त्यांच्या ओळखीचे कोणी गृहस्थ मुलासाठी स्थळं बघायला काकूंकडे गेले होते, त्यांना तिथल्या पडद्यावर मंजिरी दिसली. आप्पा बाबांना एवढंच म्हणाले, "आपण अजून बघताय असं दिसतं. सावकाश बघा. आमचीही घाई नाही."

आजच्या मुलींना यातलं गांभीर्य कळणार नाही, आणि न कळलेलंच बरं. पण तेव्हा ठरलेल्या मुलीचा फोटो दुसऱ्यांना दाखवला जातोय, म्हणजे मुलीकडचे दोन दगडांवर पाय ठेवून आहेत, असाच अर्थ निघे. बाबांनी आयुष्यात कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. ते दोन दिवस गॅलरीत बसून राहिले. मंजिरी साडी तशीच, फॉल न लावता परत घेऊन आली आणि कपाटात ठेवून दिली. ती रडलीबिडली नाही, फक्त सुहासचा फोन आला की मला उचलायला सांगे, आणि तोही बिचारा काय बोलणार...

मी तडक काकूंकडे गेले. यादीत मंजिरी होतीच, निळ्या साडीत हसत. काकू शपथेवर सांगायला लागल्या, "अगं, मी माझ्या हाताने काढली. अभिनंदन आलं होतं!" मी बटण दाबलं. अभिनंदन आलं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, तर मंजिरी नव्हती. म्हणजे प्रोग्रॅम चालत होता. ऑफिसात येऊनही मी दुपारभर खोटी स्थळं भरली आणि पुसली, एकही परत आलं नाही. मालक म्हणाले, "बाई विसरल्या आणि आता कबूल करत नाहीत. वापरणाऱ्याची चूक, विषय संपला." मलाही तेच वाटत होतं. बोरकुटे मात्र म्हणाले, "काकू खोटं कायले बोलतील? त्याइले अभिनंदन दिसलं म्हणते ना, मंग दिसलंच असंन. ते अभिनंदनच खोटं असू शकते." आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते काकूंच्या हॉलमध्ये जाऊन बसले.

तिथे ते दिवसभर काही न करता बसून होते. काकूंनी त्यांना चहा दिला, पत्रिका आहे का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्यांच्यातला रस सोडून आपलं काम सुरू केलं. आणि तेव्हा बोरकुट्यांना ती गोष्ट दिसली, जी आम्हाला ऑफिसात बसून जन्मात दिसली नसती. काकू प्रिंटरमध्ये कागद ठेवतच नसत. कागदांचा गठ्ठा कपाटात, कपाटाला कुलूप. कोणी स्थळाची प्रत मागितली की काकू आधी प्रिंटचं बटण दाबत. प्रिंटर कुरकुर करी, पडद्यावर प्रिंटर काम घेत नाही म्हणून येई, मग काकू किल्ली काढून एक कागद आणत, तो घालत आणि पुन्हा बटण दाबत. बोरकुट्यांनी विचारलं, काकू, कागद आधीच का नाही ठेवत? "कागद दिसला की लोकांना प्रती सुचतात," काकू म्हणाल्या.

यात काय बिघडलं, ते बोरकुट्यांनी मला नंतर समजावून सांगितलं, आणि मी ते माझ्या शब्दांत सांगते. छापण्यासाठी प्रोग्रॅम स्थळाची फाईल उघडून वाचायला घेई, छपाई झाली की मिटून ठेवी. पण मिटण्याची ओळ छपाईच्या ओळीनंतर होती. कागद नसला की छपाई अर्ध्यात फसे, प्रोग्रॅम तिथूनच उडी मारून चूक झाल्याचा निरोप द्यायला जाई, आणि मिटण्याची ओळ तशीच राहून जाई. दुसऱ्या खेपेला कागद घालून छापलं तरी ती पहिली उघडी फाईल उघडीच. आणि विंडोजचा नियम असा, की कोणी तरी उघडून धरलेली फाईल पुसू द्यायची नाही. जावाला पुसायला सांगितलं तर ती हो किंवा नाही एवढंच सांगते, नाही म्हणाली तर कशामुळे ते सांगत नाही. आमचा प्रोग्रॅम तर ते हो-नाहीसुद्धा ऐकत नव्हता, सरळ अभिनंदन करून मोकळा होत होता. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद झाला की उघडी फाईल आपोआप सुटे. म्हणून दुसऱ्या दिवशी पुसली की जाई, आणि म्हणून माझ्या हातून निमूट गेली. एकाच दिवशी प्रत निघाली आणि त्याच दिवशी लग्न जमल्याचं बटण दाबलं गेलं, तरच स्थळ दुसऱ्या सकाळी परत येणार. असं कितीदा होतं? जवळजवळ कधीच नाही.

"मग मंजिरीची प्रत त्या दिवशी कोणी काढली?" मी विचारलं. बोरकुटे जरा घुटमळले आणि म्हणाले, "काकूले आठवते. आप्पासाहेब स्वतः आले होते दुपारी. त्याइच्या बहिणीले साताऱ्याला पाठवायची होती, सून दाखवायले."

मला इतका आनंद झाला, की मी खुर्चीवरून उठलेच. ज्यांनी माझ्या वडिलांवर संशय घेतला, त्यांच्याच हातून हे झालेलं! आता बघते, म्हटलं. मालकांनाही कळलं तेव्हा त्यांचंही म्हणणं तेच, फक्त वेगळ्या कारणासाठी. गिऱ्हाइकापुढे आपली चूक म्हणायची नसते, काकूंना सांगा कागद ठेवत जा, त्या जोगळेकरांना सांगा तुम्ही प्रत मागितलीत म्हणून झालं, आपण नामानिराळे. बोरकुट्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. त्यांनी आधी प्रोग्रॅम दुरुस्त केला. मिटण्याची ओळ अशा जागी नेली, की छपाई होवो न होवो, ती चालणारच. पुसण्याचं उत्तर ऐकायला लावलं, आणि फाईल खरोखर गेली तरच अभिनंदन. मग मला म्हणाले, "आप्पासाहेबाइले काकूंकडे बोलवा. बाबांनाबी घेऊन या. जुनाच प्रोग्रॅम दाखवू."

आप्पा आले ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. बाबा त्यांच्या समोर, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बोरकुट्यांनी स्वतःचाच फोटो घालून एक खोटं स्थळ तयार केलं. "व्यवसाय काय लिहू?" काकूंनी विचारलं. "चुका करणे," बोरकुटे म्हणाले. रिकाम्या प्रिंटरवर त्यांनी प्रिंटचं बटण दाबलं, प्रिंटर कुरकुरला, काकूंनी सवयीने किल्लीला हात घातला. मग बोरकुट्यांनी "लग्न जमले" दाबलं. अभिनंदन आलं. प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा सुरू केला, आणि यादीत दिनेश बोरकुटे पुलगावकर परत हजर. आप्पा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या कचेरीत हवी ती फाईल सापडायची नाही. तुमच्याकडे नको ती जात नाही. प्रगती आहे."

"म्हणजे त्या दिवशी..." काकूंनी तोंड उघडलं. पण बोरकुट्यांनी त्यांना मध्येच थांबवलं. "कोणी मागितली, त्याच्यात काही नाही काकू. चूक माझी हाय जी, आप्पासाहेब. यात मुलीच्या बाबांचा काही संबंध नाही, काकूंचाबी नाही. मी उघडलं आणि मी मिटवलं नाही." आप्पा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. मग बाबांकडे वळून म्हणाले, "तारीख बदलायचं कारण दिसत नाही." आणि उठले. मंजिरीने साडी पुन्हा फॉल लावायला नेली. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला, लग्नही झालं. लग्नात आप्पांनी बोरकुट्यांना पाहुण्यांसमोर "हे आमचे चुका करणारे" म्हणून पेश केलं, ते नाव त्यांना जोगळेकरांकडे कायमचं चिकटलं. बोरकुटे त्यावरही हसायचे. मला मात्र राग यायचा. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, की तुम्ही त्या दिवशी सगळं स्वतःवर घेतलंत, त्या माणसाला साधी जाणीवही नाही. ते म्हणाले, "जाऊ द्या ना." मी समजले, मोठ्या मनाचा माणूस आहे. पुढे बहिणीच्या संसाराला धक्का नको म्हणून मीही तोंड मिटून बसले. मला ते फार जड गेलं, हे माझ्या ओळखीची माणसं समजतील.

नंतर ती कंपनी बंद पडली आणि आम्ही दोघंही हिंजवडीला मोठ्या कंपन्यांत गेलो, ते एका, मी दुसऱ्या. बसच्या रांगेत भेट व्हायची. त्यांच्या हाताखाली पुष्कळ मुलं तयार झाली, आणि त्यातलं प्रत्येक जण सांगतं, की बोरकुटे सर कुठलाही प्रोग्रॅम बघायला बसले की पहिला प्रश्न एकच, "हे उघडलं, मंग मिटवलं कुठं?" मुलं त्यांच्या पाठीमागे नक्कल करायची. ते स्वतः लिहायला बसले की आधी उघडायचे, लगेच मिटायचे, आणि मग मधल्या जागेत काम भरायचे. पुढे जावातच अशी सोय आली, की एका ठरावीक पद्धतीने उघडलं तर मिटायचं काम भाषाच करते. मी त्यांना चिडवलं, "आता तुमचा धंदा बसला." ते मनापासून खूश झाले होते. "बेस झालं. माणसाच्या आठवणीवर कायले ठेवायचं?"

ते गेल्यावर काही दिवसांनी मंजिरीचा फोन आला. आप्पांना वंदनाला भेटायला जायचं आहे, तू बरोबर चल. आप्पा आता पंच्याऐंशीच्या पुढे, कुठे जात नाहीत. वारज्याला बोरकुट्यांच्या घरी लिफ्ट आहे म्हटल्यावर निघाले. वंदनाने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. नेहमीचं बोलणं झालं. आणि मग आप्पा एकदम म्हणाले, "मला एक सांगायचंय. त्या दिवशी मंजिरीची प्रत मी मागितली होती. साताऱ्याला पाठवायला. पुढे बोरकुट्यांनी रिकाम्या प्रिंटरवर बटण दाबून दाखवलं, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या काकू एक कागद आणायला कपाटाकडे गेलेल्या मला आठवत होत्या. तुमच्या यजमानांना ठाऊक होतं. त्यांनी दोष स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला. इतकी वर्षं चेष्टा केली वर. आज ते नाहीत म्हणून तुम्हाला सांगतो." मंजिरी माझ्याकडे बघायला लागली. हे तिला माहीतच नव्हतं. आणि मला हे माहीत नव्हतं, की आप्पांना माहीत आहे.

वंदनाने पदर सारखा केला. "ती गोष्ट मला ठाऊक आहे, आप्पासाहेब," ती म्हणाली. "पण त्यांनी दोष स्वतःवर घेतला, असं नाही. चूक त्यांचीच होती ना. ते नेहमी सांगत, प्रत तर कोणीही मागंल, मागणाऱ्याची काय चूक? कागद संपो, लाईट जावो, फाईल बंद झालीच पाहिजे. नाही झाली, तर लिहिणाऱ्याची चूक. त्यांनी तुमच्यावर उपकारबिपकार काही केला नव्हता हो. खरं तेच सांगितलं होतं."

मी त्यांना वीस वर्षं मोठ्या मनाचे समजत आले, आणि ते आपले फक्त बरोबर होते. कोणासाठी काही लपवून ठेवल्याचं ओझं त्यांच्या मनावर कधी नव्हतंच. म्हणूनच ते तसे हसू शकायचे...   आप्पांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ते कुठे बसायचे कामाला?"

वंदनाने खिडकीजवळचं टेबल दाखवलं. तिथे आता मुलीची पुस्तकं पसरलेली होती. खुर्ची तीच होती, हाताच्या जागी रेक्झिन झिजलेलं. आप्पा काठी टेकत उठले, मंजिरीने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. त्या खुर्चीत जाऊन बसले आणि चहा आला तरी उठले नाहीत. वंदनाने त्यांचा कप तिथेच, पुस्तकं जराशी सरकवून ठेवला.